दृष्टिहीनांची टिपणवही : नोंद लिहिणे आणि शोधणे

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके वसलेले आहेत. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईकरांची तहान भागवते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकर कोणत्या दिवशी आला, किती फेऱ्या झाल्या, कोणता दिवस चुकला, याची नोंद अशा पाड्यावर फार मोलाची असते. १ मेच्या ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न निघाला म्हणजे ज्याच्यापाशी तारीखवार नोंद आहे, त्याच्या शब्दाला वजन येते.

समजा, ही नोंद ठेवणारा ग्रामपंचायत सदस्य दृष्टिहीन आहे. पूर्वी त्याला वही दुसऱ्याकडून लिहवून घ्यावी लागे आणि दुसऱ्याकडूनच वाचवून घ्यावी लागे. आज त्याच्या हाती स्मार्टफोन आहे. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी ‘स्क्रीन रीडर’ ही सोय त्या फोनमध्येच असते. तो स्वतः टिपण लिहितो आणि स्वतः ऐकतो. परंतु दोन महिन्यांच्या साठ टिपणांतून हवे ते टिपण भर सभेत, दोन-चार क्षणांत काढावयाचे, तर एकेक टिपण ऐकत बसणे शक्य नाही. तेथे ‘शोध’ या सोयीचाच आधार घ्यावा लागतो. हा शोध मराठीत कोठे फसतो, तो कसा साधावा आणि त्यासाठी शिक्षकांनी व कार्यालयांनी काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

ठिपक्यांपासून आवाजापर्यंत

लुई ब्रेल (१८०९–१८५२) यांनी फ्रान्समध्ये सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली आणि दृष्टिहीनांना बोटांनी वाचता-लिहिता येऊ लागले. मुंबईत ॲना मिलार्ड यांनी १९०० साली अंधांसाठी शाळा सुरू केली. दादरची कमला मेहता अंध शाळा ती हीच. भारतीय भाषांसाठी एकसारखी अशी ‘भारती ब्रेल’ १९५१ मध्ये स्वीकारण्यात आली. ब्रेलचे महत्त्व आजही कमी झालेले नाही, कारण अक्षरांशी खरी ओळख तिनेच होते. मात्र ब्रेलमधील वही जाड होते, आणि तिच्यातील एखादा शब्द शोधण्यास पाने चाचपण्यावाचून गत्यंतर नसते.

संगणकावरील स्क्रीन रीडर बराच काळ महागडे होते. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी विनामूल्य ‘एनव्हीडीए’ विकसित केला. त्याचा प्रारंभ २००६ मध्ये झाला. २००९ मध्ये आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आणि त्याच वर्षी अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आला. या दोन्ही सोयी फोनबरोबरच मिळतात. ग्रामीण भागात अँड्रॉइड फोनच अधिक दिसतात. म्हणून येथील विवेचन मुख्यतः टॉकबॅकच्या अनुषंगाने केले आहे.

फोन कसा ऐकावा

टॉकबॅक सुरू केल्यावर बोट पडद्यावर जेथे टेकेल तेथील मजकूर फोन बोलून दाखवितो. बोट उजवीकडे झटकले म्हणजे पुढची बाब आणि डावीकडे झटकले म्हणजे मागची बाब ऐकू येते. ऐकलेली बाब उघडावयाची असल्यास पडद्यावर कोठेही दोनदा टिचकी मारावी. पडदा पुढे सरकविण्यास दोन बोटे वापरावी लागतात. एवढ्या चार क्रिया अंगवळणी पडल्या की निम्मे काम झाले.

पहिली अडचण बहुधा आवाजाची येते. फोनचे वाचन इंग्रजी आवाजावर ठेवलेले असेल, तर देवनागरी मजकूर वगळला जातो किंवा त्याचा उच्चार कळत नाही. सेटिंग्जमधील ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ या विभागात मराठी आवाज निवडून तो फोनमध्ये उतरवून घ्यावा. एकदा उतरवलेला आवाज इंटरनेटवाचून चालतो. डोंगराळ भागातील पाड्यांवर, जेथे फोनला रेंज धड मिळत नाही, तेथे ही गोष्ट विशेष सोयीची आहे.

‘नाही सापडले’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्या सदस्याने शोधाच्या चौकटीत ‘टँकर’ हा शब्द लिहिला आणि साठांपैकी तीसच टिपणे समोर आली, असे समजा. डोळस माणूस यादीवरून नजर फिरवील आणि काही टिपणे सुटल्याचे त्याच्या ध्यानी येईल. दृष्टिहीन माणूस मात्र फोनने जे सांगितले तेवढेच ऐकतो. उरलेल्या दिवशी टँकर आलाच नाही, असा समज करून घेऊन तो सभेत तसे बोलला, तर त्याचे विधान चुकीचे ठरेल आणि पुढे त्याच्या नोंदीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

असे का घडावे? फोन शब्दाचा अर्थ शोधत नाही, उच्चारही शोधत नाही. तो चिन्हांची ओळ जुळवून पाहतो. मराठीत ही ओळ पुढील चार ठिकाणी हमखास बिघडते.

पहिले ठिकाण म्हणजे दिसण्यात व ऐकण्यात एकच, पण आतून भिन्न असणारी अक्षरे. ‘टँकर’ किंवा ‘बँक’ या शब्दांवरील खूण चंद्रबिंदू या एकाच चिन्हाने उमटवता येते, अथवा अर्धचंद्र आणि अनुस्वार अशी दोन चिन्हे जोडूनही उमटवता येते. ‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतील अर्धा र देखील दोन प्रकारे टंकलिखित होतो. वाचणाऱ्याला व ऐकणाऱ्याला भेद कळत नाही. शोधणाऱ्या फोनला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. काही टिपणे बोलून लिहिली आणि काही कळफलकावर लिहिली, तर अशी सरमिसळ होणे सहज शक्य आहे. यावर उपाय असा की, वादग्रस्त अक्षराच्या अलीकडचा अथवा पलीकडचा भाग शोधावा. ‘शेतकऱ्यांना’ऐवजी ‘शेतक’ आणि ‘टँकर’ऐवजी ‘कर’ असे शोधता येते. मात्र ‘कर’ शोधल्यास घरपट्टीची व पाणीपट्टीची टिपणेही येतील, शिवाय काही ॲप शब्दाचा केवळ आरंभच जुळवतात. त्यापेक्षा टिपणात ‘पाणी’ असा साधा, निःसंदिग्ध शब्द पहिल्यापासून योजणे बरे.

दुसरे ठिकाण म्हणजे शब्दाचे सामान्यरूप. ‘शहापूर’मधील पू दीर्घ, पण ‘शहापुरात’ लिहिताना तो ऱ्हस्व होतो. ‘विहीर’ची ‘विहिरीचे’, ‘पाणी’चे ‘पाण्याचा’, ‘रस्ता’चे ‘रस्त्यावर’ अशी रूपे होतात. पूर्ण शब्द शोधल्यास ही रूपे हाती लागत नाहीत. म्हणून न बदलणारा आरंभच शोधावा : ‘शहाप’, ‘विह’, ‘पाण’, ‘रस्त’. बहुतेक ॲपमध्ये एवढ्याने सर्व रूपे सापडतात. ‘मुरबाड’सारखी नावे प्रत्यय लागतानाही बदलत नाहीत, ती पूर्ण लिहिण्यास हरकत नाही.

तिसरे ठिकाण शुद्धलेखनाचे. ‘शहापूर’ आणि ‘शहापुर’ यांच्या वाचनातील फरक कानाला जवळजवळ जाणवत नाही. डोळस लेखकाला चूक दिसते; ऐकणाऱ्याला ती कळतच नाही. टॉकबॅकच्या वाचन नियंत्रणात ‘अक्षर’ हा पर्याय निवडला असता शब्द अक्षरश: ऐकता येतो आणि ऱ्हस्व-दीर्घ मात्रा वेगळी कळते. नित्याचे वीस-पंचवीस शब्द एकदा असे तपासून घ्यावेत.

चौथे ठिकाण अंकांचे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून ज्या नाणेघाटाची चढण सुरू होते, तेथील सातवाहनकालीन शिलालेखात अंक कोरलेले आहेत. भारतातील अगदी जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. तेव्हापासून अंकांची रूपे बदलत आली आणि आज मराठी माणसाच्या फोनमध्ये देवनागरी अंक व आंतरराष्ट्रीय अंक असे दोन्ही एकत्र नांदतात. दोन्हींचे वाचन ‘पाच’ असेच होते, पण पुष्कळशा ॲपमध्ये एकाचा शोध घेतल्यास दुसरे सापडत नाही. तेव्हा एकच पद्धत ठरवून ती अखेरपर्यंत पाळावी. तारीख लिहिताना ‘५ एप्रिल’ऐवजी ‘०५ एप्रिल’ लिहावे. नाही तर ‘५ एप्रिल’ शोधताना ‘१५ एप्रिल’ आणि ‘२५ एप्रिल’ यांचीही टिपणे पुढे येऊन उभी राहतात.

एक विषय, एक टिपण

बहुतेक टिपण-ॲप शब्द असलेले टिपण दाखवितात, पण त्या टिपणात तो शब्द नेमका कोठे आहे ते सांगत नाहीत. टिपण उघडले की वाचन पहिल्या ओळीपासून सुरू होते. टिपण लांबलचक असेल, तर शोध लागूनही श्रोता मजकुरात हरवतो. म्हणून एक विषय, एक टिपण ही शिस्त पाळावी. पहिल्या ओळीत विषय, गाव आणि तारीख असावी. उदाहरणार्थ, ‘पाणी, वरचा पाडा, ०५ एप्रिल’. यादीत फोन प्रथम हीच ओळ वाचतो आणि टिपण न उघडताच ओळख पटते. दुसऱ्या ओळीपासून मजकूर : किती फेऱ्या, किती वाजता, काय अडचण. टँकर आला नाही, तर त्या दिवशीही टिपण लिहावे आणि त्यात ‘आला नाही’ हे शब्द स्पष्ट घालावेत. चुकलेले दिवस मग शोधाने थेट निघतात. टिपण नसण्यावरून तर्क करावा लागत नाही.

मराठीतून बोलून लिहिण्याची सोय गुगलच्या कळफलकात २०१७ पासून उपलब्ध आहे. तिने वेग येतो. परंतु गावांची व पाड्यांची नावे ती चुकवू शकते. बोलून झाल्यावर पहिली ओळ तरी पुन्हा ऐकावी. लिहिल्यानंतर लगेच एकदा शोध घेऊन पाहावा. आज सापडली तर नोंद उद्याही सापडेल.

गुप्ततेचाही विचार आवश्यक आहे. फोन मोठ्याने बोलतो आणि टिपणे बहुधा कोणालाही उघडता येतात. सभेत कानात लावावयाचे यंत्र वापरावे, पडदा काळा ठेवण्याची सोय चालू करावी आणि बँकेचा परवलीचा शब्द किंवा पिन टिपणात कधीही लिहू नये. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले होते. फोनवरील व्यवहार त्यानंतर खेडोपाडी पोहोचले. त्यांबरोबर ही खबरदारीही पोहोचली पाहिजे.

कार्यालयांचे कर्तव्य

आपली टिपणे आपण शिस्तीने लिहिली, तरी कार्यालयाकडून येणारा मजकूरही त्यांच्या जोडीला ठेवावा लागतो. ग्रामसभेची नोटीस, टँकरचे वेळापत्रक, योजनेची माहिती आज व्हॉट्सॲपवर येते; पण पुष्कळदा ती कागदाचे छायाचित्र काढून पाठविलेली असते. डोळस माणसास ती वाचता येते. स्क्रीन रीडर मात्र ‘फोटो’ एवढेच म्हणून थांबतो. छायाचित्रातील अक्षरे ओळखणारी ॲप निघाली आहेत आणि स्वच्छ छापील मजकूर ती बऱ्यापैकी वाचतात. परंतु हस्ताक्षर, त्यावर शिक्का आणि वाकडा धरलेला कागद असेल तर त्यांचा भरवसा धरता येत नाही. छायाचित्र पाठवावयाचेच असल्यास तोच मजकूर खाली टंकलिखित करून जोडावा. त्यास दोन मिनिटे पुरतात.

दुसरी बाब फॉन्टची. युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. अशा फॉन्टमधील जुना मसुदा फोनवर उघडला की निरर्थक रोमन अक्षरे उरतात; त्यांचे वाचनही होत नाही आणि शोधही लागत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र स्थान आहे. जुने नमुने, नोटिशींचे मसुदे व इतिवृत्ते युनिकोडमध्ये बदलून घेणे हे कार्यालयाच्याही हिताचे आहे, कारण मग डोळस कर्मचाऱ्यालाही जुना ठराव शोधाने मिळतो.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळावा, यासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी या अधिनियमाच्या कलम ४२ ने शासनावर टाकली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग मानला. गावपातळीवर या तत्त्वाचा आरंभ वाचता येणाऱ्या एका नोटिशीपासून होऊ शकतो.

शिक्षकांसाठी

दृष्टिहीन विद्यार्थ्याला फोन उघडण्यास शिकविणे सोपे आहे. शोधता येईल असे लिहिण्यास शिकविणे हे खरे शिक्षण होय. त्याचा पाया शुद्धलेखन आणि ब्रेल यांतच घातला जातो, कारण ज्याला शब्दातील अक्षरे ठाऊक नाहीत, त्याला त्या शब्दाचा आरंभ तोडून शोधता येत नाही. वर्गात एक साधा सराव घेता येईल. विद्यार्थ्याने आठवडाभर रोज एक टिपण लिहावे आणि शनिवारी शिक्षकाने प्रश्न विचारावेत : पाऊस कोणत्या दिवशी पडला? एसटी उशिरा कधी आली? ज्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, ते टिपण उघडून कोणते अक्षर आड आले ते दोघांनी मिळून पाहावे. चुकलेला शोध हाच येथे उत्तम पाठ असतो.

असा सराव झालेला सदस्य १ मेच्या ग्रामसभेत उभा राहतो, त्या वेळी तो ‘आला नाही’ हे दोन शब्द शोधतो, कानाशी तारखा ऐकतो आणि एकामागून एक सांगत जातो. त्या तारखा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आपल्या नोंदवहीशी ताडून पाहता येतात. पाड्याला पाणी मिळण्याचा मार्ग अशा ताळ्यातून निघतो, आणि तो ताळा घालण्यासाठी त्या सदस्याला कोणाच्या डोळ्यांची उसनवारी करावी लागलेली नसते.