अ‍ॅलर्जीजन्य आकस्मिक मृत्यू व रक्तपरीक्षा

अगदतंत्र व व्यवहारायुर्वेद हा विषय आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात अभ्यासला आहे. त्यातील एका प्रश्नाकडे वैद्यबंधू-भगिनींचे व औषधालय चालकांचे लक्ष आम्ही वेधू इच्छितो.

काही वर्षांपूर्वी यावल परिसरातील केळीच्या बागेत एका मजुरास गांधीलमाश्यांनी दंश केला व अर्ध्या तासात तो दगावला. सकाळी त्याने आमच्याकडील काढा घेतला होता. नातेवाइकांचा संशय काढ्यावर गेला. शवविच्छेदनात निश्चित कारण आढळले नाही. व्हिसेऱ्यात विष मिळाले नाही, तरी शंका कायमच राहिली. कारण ती तपासणी विषाचा शोध घेते, अ‍ॅलर्जीचा नव्हे.

ट्रिप्टेज : तीव्र अ‍ॅलर्जीत, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, मास्ट पेशींतून हे द्रव्य रक्तात येते. एक ते दोन तासांत त्याचे प्रमाण सर्वाधिक होते व पुढे सुमारे दर दोन तासांनी निम्मे होत जाते. हिस्टामीन काही मिनिटांतच नष्ट होते, म्हणून ते निरुपयोगी. अशा मृतांच्या सीरममधील वाढलेले ट्रिप्टेज अमेरिकेतील यंगिंजर व सहकाऱ्यांनी १९९१ साली नोंदविले.

विशिष्ट आय.जी.ई. : मृत्यूनंतरही हे बऱ्यापैकी टिकते. दंशविष, पेनिसिलिन वा अन्नपदार्थ यांविषयीची संवेदनशीलता त्यातून कळते. परंतु त्याच कारणाने मृत्यू झाला, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

मर्यादा : जिवंत व्यक्तीत ट्रिप्टेज ११.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत सर्वसाधारण मानतात. मृतदेहास हा आकडा लावू नये. आघात, गुदमरणे वा हृदयविकार यांतही तो वाढू शकतो. हृदयातील रक्तापेक्षा जांघेतील शिरेचे रक्त अधिक विश्वसनीय. अन्नजन्य अ‍ॅलर्जीत ट्रिप्टेज कधी वाढतही नाही. म्हणून घटनाक्रम, शवविच्छेदन व रक्त यांचा एकत्रित विचार आवश्यक आहे.

आपले कर्तव्य : दंश, इंजेक्शन, औषध, आहार व लक्षणे यांच्या वेळा त्वरित लिहून ठेवाव्यात. दिलेल्या औषधाचा बॅच क्रमांक नोंदवून उरलेले औषध राखावे. रुग्णालयात दाखल होताना घेतलेले रक्त सर्वांत मोलाचे. ते जपण्याची लेखी विनंती करावी. अ‍ॅलर्जीचा संशय शवविच्छेदनापूर्वीच संबंधित अधिकाऱ्यांस लेखी कळवावा. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील न्यायवैद्यक विभागांचे मार्गदर्शन घ्यावे.

रुग्ण जिवंत असताना मात्र मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन व तातडीने रुग्णालय, यांत क्षणाचाही विलंब नको. रक्तपरीक्षा सत्य सांगेल. गेलेला जीव परत आणणार नाही.