जुन्या बिडाची पारख

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• माहितीपर लेखातील मुख्य विचार ओळखू शकाल;
• दोन पर्यायांची सकारण तुलना करू शकाल.

मूळ पाठ

मुंबईतील जुन्या चाळींच्या मागील भिंतींवर काळे, जाड नळ वरून खाली उतरलेले दिसतात. हे बिडाचे, म्हणजेच ओतीव लोखंडाचे नळ होत. सर्व मजल्यांवरील सांडपाणी ते निमूटपणे वाहून नेतात. एखादा जोड गळू लागला, भिंतीला ओल आली, की ‘सगळा नळच बदला’ असा आग्रह सुरू होतो. परंतु निर्णयापूर्वी पारख हवी.

अनुभवी कारागीर नळावर हातोडीने हलकेच ठोकतो. आवाज खणखणीत आला, तर बीड बहुधा शाबूत असते. बद्द आवाज आला, तर तडा गेल्याची शंका घ्यावी. मात्र बाह्यरूप फसवे असू शकते. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. वर्षानुवर्षे ओल लागली, की लोखंड झिजून जाते आणि ग्रॅफाइटचा मऊ सांगाडा मागे उरतो. नळाचा आकार तोच दिसतो; पण चाकूचे टोक त्यात सहज रुतते. असा भाग बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

पुष्कळदा दोष नळात नसून जोडात असतो. जुन्या पद्धतीत एका नळाचे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवून, मधल्या फटीत ताग ठासून वर वितळलेले शिसे ओतत. ‘प्लंबर’ हा शब्दही लॅटिनमधील ‘प्लंबम’, म्हणजे शिसे, यावरूनच आला आहे. सैल झालेले शिसे पुन्हा ठासून बसवले, तर अनेकदा गळती थांबते. बारीक छिद्र असल्यास गंज तारेच्या ब्रशने खरवडून, पृष्ठभाग कोरडा करून एपॉक्सी पुटी भरतात. लहान तड्यावर रबरी पट्टी गुंडाळून वरून क्लॅम्प आवळतात. मात्र हा उपाय तात्पुरता समजावा.

बीड कठीण, पण ठिसूळ असते. खराब तुकडा घणाने फोडल्यास शेजारचा धडधाकट भागही तडकतो. म्हणून वरच्या नळाचा भार आधी भिंतीला पक्का आधार देऊन तोलून धरावा, मगच तुकडा कापावा.

तात्पर्य, जुने म्हणून टाकणे जसे अविचाराचे, तसेच जुने म्हणून कवटाळणेही. जीर्ण झालेला नळ केवळ खर्च वाचवण्यासाठी ठेवला, तर त्याची किंमत खालच्या मजल्यावरील कुटुंब ओल आणि दुर्गंधीच्या रूपाने मोजते. दुरुस्ती ही निव्वळ काटकसर नव्हे. ती विवेकाची कसोटी आहे.

पाठगत प्रश्न

१. खणखणीत आणि बद्द आवाजांवरून कोणते अनुमान निघते?
२. ‘बाह्यरूप फसवे असू शकते’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू दुरुस्त करावी की बदलावी, याविषयी आठ ओळी लिहा.