बर्फाचे तीस किलोमीटर, हायवेचे चार हजार

ऑल-व्हील-ड्राइव्ह स्पोर्ट्स कार घेऊन ठाण्याहून मनालीला स्कीइंगला जायचं, तर दोघांच्या प्रवासात साधारण पंच्याण्णव हजार रुपये नुसत्या गाडीवर आणि वाटेतल्या मुक्कामांवर जातात. मनालीतलं हॉटेल, जेवणखाण, स्कीइंग हे सगळं वेगळं. एवढं करून गाडी खऱ्या बर्फावर चालते ती नेहरू कुंडापासून सोलंग, अटल बोगदा आणि पलीकडे सिस्सूपर्यंत. म्हणजे तीसेक किलोमीटर, तेही पोलिसांनी सोडलं तर. डिसेंबर उजाडला की घोडबंदरच्या टॉवरांपासून डोंबिवलीच्या पलावापर्यंत हा बेत रंगतो आणि चर्चा हॉर्सपॉवरवरच अडकते. म्हणून आकडा आधी सांगून टाकला.

हिशोबासाठी गाडी धरली आहे बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह. ऑडीची क्वाट्रो किंवा मर्सिडीजची फोरमॅटिक असेल तरी आकडे फार हलणार नाहीत. ठाणे ते मनाली एका बाजूने साधारण १,९५० किलोमीटर. तिथलं फिरणं धरून एकूण ४,१०० धरा. कंपनीचा मायलेजचा आकडा तेराच्या आसपास असला तरी सामान, एसी-हीटर आणि शेवटचा घाट धरून दहा-साडेदहाच्या वर विसंबू नये. म्हणजे सुमारे ३९० लिटर पेट्रोल. ठाण्यात लिटरला १०३-१०४ रुपये पडतात, तेच तलासरी ओलांडून गुजरातेत शिरलं की नऊ-दहा रुपयांनी स्वस्त. त्यामुळे घरून निघताना टाकी फुल करण्यात शहाणपण नाही. वापीपर्यंत पुरेल एवढंच भरा. राजस्थानात भाव पुन्हा मुंबईसारखे चढतात, म्हणून उदयपूरच्या अलीकडे गुजरातेतच टाकी भरून घ्या, राजस्थानात गरजेपुरतंच घ्या आणि पुढची टाकी हरियाणात भरा. सरासरी ९८ रुपये धरले तर पेट्रोलचे ३८ हजार होतात.

टोलचं गणित १५ ऑगस्ट २०२५ पासून सोपं झालं आहे. खासगी गाडीला फास्टॅग वार्षिक पास मिळतो, सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांचा होता. तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांतलं जे आधी संपेल तोवर राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. राज्य सरकारांच्या एक्स्प्रेसवेवर चालत नाही, तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात. पास घेऊन चार हजारांत टोल आटपतो, नाहीतर जाऊन-येऊन त्याच्या दीडपट तरी मोजावे लागतात.

डोंबिवली-कल्याणकरांना निघतानाच एक निर्णय घ्यावा लागतो. मानकोली पूल झाल्यापासून डोंबिवलीतून खाडीपलीकडे जाणं पटकन होतं. तिथून अंजूरफाटा-चिंचोटी मार्गे अहमदाबाद हायवे गाठावा असं नकाशा सुचवतो. कल्याणवाल्यांना भिवंडी-वाडा-मनोर सुचवतो. दोन्ही रस्त्यांची ख्याती खड्ड्यांची, आणि तुमच्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. पहाटे चारला निघून माजिवडा-घोडबंदर मार्गे जा. लांब पडलं तरी चालेल. कल्याण-शीळ रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पहिला मुक्काम उदयपूर, दुसरा अंबाला किंवा कुरुक्षेत्र, तिसऱ्या दिवशी मनाली. जयपूरनंतर दिल्लीत शिरू नका. कोटपुतलीहून नारनौलला वळलं की १५२-डी हा नवा महामार्ग थेट कुरुक्षेत्राच्या बाजूला नेऊन सोडतो. दिल्ली टाळण्याचं कारण फक्त ट्रॅफिक नाही. थंडीत तिथली हवा बिघडली की जुन्या मानकांच्या गाड्यांवर बंदी येते, आणि त्या दिवशी निर्बंधांचा नेमका कोणता टप्पा लागू आहे हे वाटेत कुठे बघत बसणार? हरियाणा-पंजाबातलं धुकं मात्र कुठल्याच रस्त्याने चुकत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊ-दहाच्या आधी तिथे गाडी काढू नये. या अख्ख्या प्रवासात जिवाला खरा धोका धुक्याचा आहे, बर्फाचा नंतर. जाता-येता चार रात्रींचे मुक्काम साडेतीन हजारांच्या खोलीने १४ हजार.

आता टायर. इथेच बहुतेकांची गफलत होते. चारही चाकांना ताकद मिळते म्हणजे गाडी बर्फात चांगली निघते, चढते. थांबण्याशी त्याचा संबंध नाही. ब्रेक तर वॅगन-आरलाही चारही चाकांना असतात. गाडी थांबवतं ते रबर, आणि स्पोर्ट्स कारला कंपनीतून येणारं रबर गरम डांबरासाठी बनवलेलं असतं. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की ते कडक होऊ लागतं. मनालीत रात्री पारा शून्याखाली जातो. अशा टायरवर ३७० हॉर्सपॉवरची गाडी उतारावर स्थानिक जिप्सीपेक्षा जास्त घसरते, आणि वजन जास्त असल्याने घसरली की सावरतही नाही.

खास हिवाळी टायर ठाण्यातल्या दुकानांत हाताशी मिळत नाहीत, मागवावे लागतात. चारचा संच लाख-सव्वा लाखाच्या घरात जातो आणि परत आल्यावर ठाण्याच्या उन्हात ते झिजतात. एका सहलीसाठी हा खर्च मला पटत नाही. टायर तसेही बदलायला आले असतील तरच ऑल-सीझन जातीचे बघा. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण असेल तर तो बर्फावर तपासलेला. नुसतं ‘एम+एस’ लिहिलेलं असेल तर त्यावर फार विसंबू नका. आणखी एक सांगतो, कारण पंक्चरवाला हे सांगत नाही. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत चारही टायरांची झीज सारखी लागते. तीन झिजलेले आणि एक कोरा असा संच जमवला तर चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. ती बदलायची वेळ आली तर बिल लाखांत जातं. टायरची झीजही खर्चात धरा. लाख-सव्वा लाखाचा संच तीसेक हजार किलोमीटर चालतो, म्हणजे किलोमीटरला चार रुपये, म्हणजे या सहलीत १६ हजार.

हिवाळी टायरांपेक्षा स्नो चेन घ्या. सहा ते दहा हजारांत चांगली जोडी मिळते. मोठी चाकं आणि पातळ टायर असलेल्या गाडीत चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा अरुंद असते. तिथे जाड साखळी गेली तर ब्रेकची नळी नाहीतर सस्पेन्शन खरवडते. म्हणून बारीक कडीचीच चेन घ्या, आणि ती पुढच्या चाकांना बसवायची की मागच्या, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. निघण्याच्या आदल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती एकदा बसवून बघा. चेन जमिनीवर पसरायची, पीळ काढायचा, चाकामागून हूक अडकवायचा, पुढून ताणायची, मग पन्नास-साठ मीटर गाडी हळू चालवून पुन्हा ताणायची. वॉचमनसमोर लाज वाटली तरी चालेल. मनालीपुढच्या पालचानच्या रस्त्याकडेला सुन्न बोटांनी हे पहिल्यांदा शिकण्यापेक्षा ते बरं. चेन लावल्यावर ताशी पन्नासच्या वर जायचं नाही आणि काळं डांबर दिसलं की काढून टाकायची.

सर्व्हिसिंगला १५ हजार धरा. त्यात कूलंटकडे जातीने लक्ष द्या. आपल्याकडे वर्षभर उकाडा, त्यामुळे पातळी कमी दिसली की गॅरेजवाला बाटलीतलं साधं पाणी ओतून मोकळा होतो. दोन-तीनदा असं झालं की कूलंट पाण्यासारखं पातळ होतं. ठाण्यात काही कळत नाही, पण शून्याखाली ते गोठू लागतं आणि गोठताना फुगतं. त्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरखाली धरून किती अंशांपर्यंत टिकेल ते वाचून दाखवायला सांगा. उणे पंधराच्या वर आकडा आला तर पूर्ण बदला. वायपरच्या पाण्याचंही तेच. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर इथेच बदला. थंडीत जुनी बॅटरी पहिल्या सकाळीच हात वर करते. डिझेल गाडीवाल्यांनी सुरतेचं डिझेल टाकीत घेऊन वर चढू नये. उत्तरेत थंडीत मिळणारं डिझेल लवकर गोठत नाही, तेव्हा कुल्लूला टाकी भरून मगच वर जावं.

विमा काढून वाचा. साध्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर भरपाई नसते आणि इंजिनात पाणी जाऊन झालेलं नुकसानही नसतं. दोन्हींसाठी वेगळं कवच घ्यावं लागतं. रोडसाइड असिस्टन्समध्ये फुकट ओढून नेण्याची किलोमीटरची मर्यादा असते, आणि मनालीहून चंदीगड सुमारे तीनशे किलोमीटर. आलिशान गाड्यांचं अधिकृत वर्कशॉप त्या घाटात सापडेल या भरवशावर राहू नका. फ्लॅटबेडचं भाडं आणि बर्फामुळे वाढलेल्या दोन रात्री यांसाठी ४० हजार बाजूला असू द्या. ते वर दिलेल्या पंच्याण्णव हजारांत नाहीत.

मनालीत पोचल्यावर काय? बर्फ पडला की कुल्लू पोलीस नेहरू कुंड किंवा पालचानला गाड्या अडवतात आणि पुढे फक्त फोर-बाय-फोर सोडतात. कधी चेन असली तर सोडतात, कधी तीही चालत नाही. नाक्यावरचा हवालदार गाडीची उंची बघतो. डिकीवर ‘एक्सड्राइव्ह’ लिहिलंय हे त्याला पटवून देण्यात अर्थ नाही, आणि खरं तर त्याचंच बरोबर आहे. पाच-सहा इंच बर्फात बुटकी गाडी पोटावर टेकते आणि चारही चाकं हवेत फिरतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान शेकडो गाड्या अडकल्या होत्या आणि पोलिसांना रात्री प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. बोगद्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. रोहतांगचा परवाना ही उन्हाळ्याची बाब, खिंड हिवाळ्यात बंदच असते. परराज्यातल्या गाडीला मनालीत ग्रीन टॅक्स पडतो, दोन-तीनशे रुपये. कुल्लू-मनाली रस्त्याचं मात्र आधी विचारून घ्या. २०२३ आणि २०२५ च्या पुरांत ब्यास नदीने तो जागोजागी तोडला, आणि वळणरस्त्याचे दगड बुटक्या गाडीला बर्फापेक्षा वाईट.

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून चिकटतो. ऑटोमॅटिकमध्ये पी, मॅन्युअलमध्ये पहिला गिअर, आणि चाकामागे दगड. वायपर उभे करून ठेवा.

गुलमर्गला स्वतःची गाडी नेण्याचा विचार असेल तर तंगमर्गनंतरच्या तेरा किलोमीटरला हेच नियम आहेत, शिवाय जम्मू-श्रीनगर महामार्ग बर्फाने किंवा दरडीने बंद पडला की सुट्टी रामबनच्या आसपास संपते. औलीचा जोशीमठहून जाणारा रोपवे २०२३ पासून बंद असल्याने तिथे वरपर्यंत रस्त्यानेच जावं लागतं. पहिल्या खेपेला मनालीच बरी.

आता तुलना. दोघांनी मुंबईहून चंदीगडला विमानाने जाऊन येणं सुमारे ३० हजार, चंदीगड-मनाली टॅक्सी जाऊन-येऊन १२ हजार, तिथे दोन दिवस स्थानिक फोर-बाय-फोर दिवसाला पाच हजारांनी १० हजार. झाले ५२ हजार, आणि रजेचे चार दिवस वाचले. चौघं असाल तर हाच खर्च ८२ हजारांवर जातो. एक्सयूव्ही७०० सारखी डिझेल ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही घरात असेल तर वरच्याच पद्धतीने दोघांचा हिशोब ६४ हजार येतो, आणि वाटेत दुसरी खोली धरून चौघांचा ७८. म्हणजे चार माणसं, मोठी गाडी आणि रजा शिल्लक असेल तर स्वतःची गाडी बरोबरीला येते. स्पोर्ट्स कार कुठल्याच गणितात बसत नाही. तिची डिकी दोघांच्या जॅकेट-बुटांनीच भरते.

तरीही न्यायचीच असेल, आणि उदयपूर ते जयपूरचा सकाळचा रस्ता त्या गाडीत चालवणं ही हौस असेल, तर न्या. पण ती मनालीच्या हॉटेलात छपराखाली उभी करा आणि सोलंग-सिस्सूसाठी दहा हजारांची स्थानिक जीप घ्या. मग चेनही लागणार नाही, नाक्यावर हुज्जतही नाही. वाहनाचे मूळ कागद, पीयूसी आणि वाढीव विम्याची पावती गाडीत ठेवा. महामार्गावर मदत लागली तर १०३३ आणि डोंगरात ११२ हे नंबर घरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच टाकून घ्या.