पांढऱ्या शर्टाच्या काखेतला पिवळा डाग

१४ एप्रिल आणि वैशाख पौर्णिमा, आपले दोन्ही मोठे दिवस ऐन उन्हाळ्यात येतात. पेटीतून पांढरा शर्ट निघतो, पांढऱ्या साडीवरचा ब्लाउज निघतो, आणि पाहावे तर काखेत गेल्या वर्षीचा पिवळा डाग तसाच. मिरवणुकीच्या गर्दीत एक दिवस निभावून जाते. पण गणवेशाचा एकच पांढरा शर्ट असलेला मुलगा उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाही, मुलाखतीला गेलेली मुलगी दंड अंगाला चिकटवून बसते, तेव्हा ही गोष्ट नुसत्या धुण्याची राहत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही कपड्याविषयी बोलत आहोत.

घाम येणे म्हणजे अस्वच्छता, हे आधी मनातून काढू या. पत्र्याच्या घरात दुपारी अंग भिजते ते शरीर स्वतःला थंड ठेवत असते म्हणून. अंगभर येणारा घाम म्हणजे पाणी आणि थोडे मीठ. काखेत मात्र आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या वयात येताना सुरू होतात आणि त्यांच्या घामात प्रथिने व स्निग्ध पदार्थ असतात. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो घाम खातात, तेव्हा वास सुटतो. तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या अंगाला वास येऊ लागला तर त्याला चारचौघांत बोलू नका. शरीर बदलते आहे एवढे सांगा, आणि आंघोळीला काखेत साबण नीट लावायला शिकवा.

आता डाग. दुकानात सरसकट ‘डिओ’ म्हणून मिळते त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. नुसता डिओ वास झाकतो आणि जिवाणू कमी करतो. अँटिपर्स्पिरंट घामच अडवते. त्यात अॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाच्या छिद्रांना काही वेळापुरते बूच बसवतात. हेच क्षार घामातल्या प्रथिनांत मिसळून कापडात बसले की कालांतराने तिथे पिवळा, कडक थर तयार होतो. म्हणजे घाम एकटा गुन्हेगार नाही. काखेवर जितके जास्त लावाल, तितका डाग पक्का. डब्यावर अॅल्युमिनियम हा शब्द आहे का ते वाचा, नसेल तर असा डाग पडण्याची शक्यता बरीच कमी. आपल्या घरातली तुरटीही अॅल्युमिनियमचाच क्षार आहे. ती काखेत फिरवायला हरकत नाही, पण वाळल्यावरच कपडा घाला.

अँटिपर्स्पिरंट वापरायचेच असेल तर रात्री झोपताना, कोरड्या काखेवर, पातळ थर लावा. रात्री घाम कमी असतो, त्यामुळे औषध छिद्रांत बसते. सकाळी आंघोळ केली तरी त्याचा परिणाम टिकतो. सकाळी घाईत ओल्या काखेवर लावून वरून लगेच शर्ट चढवला तर ते निम्मे शर्टालाच लागते. आमची तरुण मुले तर शर्ट घातल्यावर वरून कापडावरच फवारा मारतात. त्याने वास तासभर दबतो आणि शर्ट कायमचा जातो. काख नुकतीच भादरली असेल किंवा पुरळ असेल तर काहीच लावू नका, आग होते.

शर्टाच्या आत बाहीची सुती बनियन घाला. बिनबाहीची बनियन काखेत काही उपयोगाची नाही. टेरिकॉटपेक्षा सुती कापडात वास कमी धरतो.

सगळ्यात मोठा उपाय मात्र फुकटचा आहे. घरी आल्याबरोबर शर्ट उलटा करा, काखेचा भाग तांब्याभर साध्या पाण्यात चोळून पिळा आणि वाळत घाला. नळ दिवसातून तासभरच येतो, रोज धुणे काढणे परवडत नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच तांब्याभर म्हणतो. घाम ओला असतानाच पाण्याने निघतो. तोच शर्ट खुंटीला टांगून चार दिवसांनी धुतला तर साबणाची अर्धी वडी झिजवूनही फरक पडत नाही. डागावर गरम पाणी आणि इस्त्री या दोन गोष्टी टाळा, उष्णतेने डाग कापडात बसतो.

डाग पडलाच असेल तर किराणा दुकानातले लिंबूसत्त्व एक चमचा घेऊन अर्धा लिटर पाण्यात विरघळवा. चायनीजच्या गाडीवर वापरतात तो पांढरा व्हिनेगरही चालतो, त्यात दुप्पट पाणी घाला. काखेचा भाग त्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि खळबळून घ्या. मग खायच्या सोड्याची पातळ लुगदी लावून तासाभराने जुन्या दातब्रशने हलके घासा. नंतर नेहमीसारखा धुऊन उन्हात उलटा वाळवा. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावे लागते. नीळ पिवळेपणा झाकते, काढत नाही.

ब्लीचच्या मोहात पडू नका. आमच्यातल्या एकाने मुलाच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री ब्लीच ओतले आणि डाग आणखी गडद पिवळा झाला. मुलगा शेजाऱ्याचा शर्ट घालून गेला. शिवाय ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचे अॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि खिडकी नसलेल्या मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

काही डाग मात्र धुण्याचे नसतात. टीबीच्या औषधांत रिफॅम्पिसिन असते. त्याने लघवी, अश्रू आणि घामही लालसर नारिंगी होतो, बनियनवर तसे डाग पडतात. घरातले घाबरतात, रक्त समजतात, आणि कोणी गोळ्या बंद करतो. त्या डागाने काही होत नाही. गोळी बंद केली तर मात्र आजार उलटतो आणि पुढे औषधाला दाद देत नाही. काखेतल्या केसांवर पिवळे कण चिकटले असतील आणि कपड्याला रंग लागत असेल तर तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. केस काढून रोज साबणाने धुतल्यावर तो बहुधा जातो.

रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, सोबत दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, असे असेल तर डिओ बदलत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषध मोफत आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक थंड घाम फुटून थरथर सुटली तर साखर उतरलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

ज्यांना मुळातच फार घाम येतो त्यांच्यासाठी जुन्या बायकांची युक्ती अजून कामाची आहे. जुन्या सुती साडीचे चार पदर घालून तळहाताएवढे दोन गोल तुकडे शिवा आणि ब्लाउजच्या किंवा शर्टाच्या काखेत आतून टिचबटणांनी बसवा. संध्याकाळी काढून तेवढेच धुवायचे. दोन जोड्या असल्या की एक वाळत असताना दुसरी वापरता येते.