चिरूट : धूर छातीत घेतला नाही तरी?

'डॉक्टर, मी सिगारेट ओढत नाही. कधीमधी चिरूट ओढतो, पण धूर छातीत घेत नाही. शिवाय ती शुद्ध पानाची असते, तिच्यात रसायन नसते.' परदेशाहून आलेल्या पाहुण्याने उंची सिगारची पेटी भेट दिली की असे समर्थन ऐकू येते. ते कितपत खरे, हे समजण्यासाठी सिगार कशी बनते ते पाहू.

जगात नावाजलेली सिगार क्यूबाची. त्या देशाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतात व्हुएल्ता अबाहो हा तांबड्या मातीचा भाग आहे. येथे पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकते. १४९२ मध्ये कोलंबसची माणसे क्यूबात उतरली, तेव्हा तेथील मूळ रहिवासी पानांच्या सुरळ्या ओढत होते. सिगारचे वरचे आवरण तलम हवे, म्हणून त्या पानांचे पीक पातळ कापडाच्या मांडवाखाली घेतात. पाने हाताने, खालून वर, टप्प्याटप्प्याने खुडतात. शेंड्याकडील पानांना ऊन जास्त मिळते, म्हणून ती अधिक कडक असतात. नंतर पाने लाकडी कोठारात काठ्यांवर टांगून कित्येक आठवडे वाळवतात आणि ढीग रचून मुरवतात. ढीग आतून तापतो, अमोनिया बाहेर पडतो, पानाचा उग्रपणा जातो आणि सुवास येतो.

कारागिरांच्या या कौशल्याबद्दल आदरच वाटतो. पण खरी गोम येथेच आहे. नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक द्रव्ये मुख्यतः पान वाळताना व मुरताना तयार होतात. वरून रसायन घालावे लागत नाही. शुद्ध पान म्हणजे निर्धोक पान नव्हे. पीक उभे असतानाही ओल्या पानांतील निकोटीन खुडणाऱ्या मजुरांच्या कातडीतून अंगात भिनते आणि त्यांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो.

आता 'धूर छातीत घेत नाही' याविषयी. सिगारेटचा धूर काहीसा आम्लधर्मी असतो. त्यातील निकोटीन तोंडात फारसे शोषले जात नाही, म्हणून ओढणारा तो छातीत घेतो. सिगारचा धूर अल्कलीधर्मी असतो. त्यातील निकोटीन तोंडाच्या नाजूक अस्तरातूनच रक्तात उतरते. आपल्याकडे तंबाखूला चुना लावतात, त्यामागेही हेच रसायनशास्त्र आहे. धूर छातीत न घेणाऱ्याच्या फुप्फुसांना सिगारेटपेक्षा धोका कमी, हे खरे. पण तो मुळीच न ओढणाऱ्याइतका कमी नसतो. तोंड व घसा तर धुरात न्हाऊन निघतात आणि लाळेबरोबर विषारी द्रव्ये अन्ननलिकेत जातात. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते आणि ती तासभरही चालते.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट सिगारचे शौकीन होते. ते १८८५ मध्ये घशाच्या कर्करोगाने गेले. मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड यांना १९२३ मध्ये टाळू व जबड्याचा कर्करोग झाला. तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटली नाही. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. उलट, ज्यांचे चित्र सिगारशिवाय डोळ्यांपुढे येत नसे, त्या क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रो यांनी १९८५ मध्ये ती कायमची सोडली.

सिगार असो, विडी असो, मिश्री असो वा चुना-तंबाखू, पुढील लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखवा :

१. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा.
२. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, मग ती दुखत नसली तरी.
३. तोंड पूर्ण न उघडणे, गिळताना अडखळणे किंवा आवाज बसून राहणे.

महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात गालांची आतली बाजू, जीभ व जिभेखालचा भाग स्वतः पाहावा. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहे. आणि पेटी भेट आलीच, तर पाहुण्याचे आभार मानावेत. ओढण्याचे बंधन कोणावरही नाही.