मंद बाजारात फ्लॅट विकताना : तयारीपासून खरेदीखतापर्यंत

तेजीत घराच्या उणिवा खपून जातात. मंदीत तसं होत नाही, कारण घेणाऱ्याकडे वेळ असतो आणि पर्यायही असतात. त्याच रस्त्यावर चार रीसेलचे फ्लॅट रिकामे असतात आणि पलीकडे बिल्डरची नवी स्कीम उभी असते. तो एकेक घर बघतो आणि यादीतल्या नावांवर काट मारत जातो. भिंतीला ओल दिसली, काट. शेअर सर्टिफिकेट सापडत नाही, काट. किंमत विचारली तर 'तुम्हीच सांगा' म्हणाले, काट. ही कारणं तो दारात येण्याआधीच संपवणं हे विकणाऱ्याचं काम आहे.

पुढचा क्रम पुण्यातल्या, पंधरा-वीस वर्षं जुन्या सोसायटीतल्या टू बीएचके फ्लॅटसाठी लिहिला आहे. मुंबई, ठाणे किंवा नाशिकमध्ये दर बदलतील, क्रम तोच राहील. तयारीला महिना-दीड महिना आणि विक्रीला सहा महिने हाताशी ठेवा.

१. आधी कागदांची फाइल

रंगाऱ्याला बोलावण्याआधी कपाट उघडा. नोंदणीकृत खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, बिल्डरपासून तुमच्यापर्यंतची आधीची सगळी खतं, शेअर सर्टिफिकेट, इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, चालू वर्षाची मिळकतकराची पावती, महावितरणचं बिल, मेंटेनन्सची बाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र. सोसायटी नसून अपार्टमेंट असेल, तर शेअर सर्टिफिकेटऐवजी डीड ऑफ डिक्लरेशन आणि डीड ऑफ अपार्टमेंट लागतं. पुण्यात अशा इमारती पुष्कळ आहेत.

घर आईवडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर इथेच थांबा. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली, असं होत नाही. सगळ्या वारसांची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. बहीण अमेरिकेत असेल, तर तिचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला हवं आणि इथं आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा. गिऱ्हाईक ठरल्यावर हे सुरू केलंत, तर तोवर ते दुसरीकडे टोकन देऊन मोकळं होतं.

कर्ज चालू असेल तर बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेनं 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. तसे न दिल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे.

सगळ्याच्या झेरॉक्सचे दोन संच आणि मोबाइलवर एक पीडीएफ तयार ठेवा. एखाद्या वकिलाकडून सर्च रिपोर्टही काढून घ्या. घेणाऱ्याची बँक स्वतःचा रिपोर्ट काढतेच, पण तुमच्या कागदात खोट असेल तर ती तुम्हाला आधी कळलेली बरी.

२. किंमत ठरवा

पोर्टलवर दिसते ती मागणीची किंमत. व्यवहार झाला ती वेगळी. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधता येतो. तुमच्या इमारतीतले आणि आजूबाजूचे गेल्या वर्षभरातले व्यवहार काढा आणि प्रत्येकाचा दर कार्पेटवर आणा. जुन्या खतात बऱ्याचदा बिल्टअप लिहिलेलं असतं, नव्या स्कीममध्ये रेरा कार्पेट असतो. दोन्हींची सरमिसळ केलीत तर हिशोब फसेल. मग मजला, लिफ्ट, पार्किंग, पाणी, दिशा आणि रस्त्याचा आवाज यांनुसार दर थोडा वरखाली करा.

दुसरा आकडा रेडीरेकनरचा, म्हणजे मुद्रांकासाठीच्या सरकारी मूल्याचा. किंमत त्याच्या फार खाली गेली तर दोन्हीकडे कर बसतो. समजा, सौदा 75 लाखांना ठरला आणि मुद्रांकासाठीचं सरकारी मूल्य 85 लाख आहे. प्राप्तिकरात 10 टक्क्यांपर्यंतची तफावत चालते, म्हणजे 82 लाख 50 हजारांपर्यंत. 85 लाख त्याच्या वर जातात. मग तुमचा नफा 85 लाखांवर धरला जातो आणि वरचे 10 लाख घेणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जातात. मुद्रांक शुल्कही 85 लाखांवरच लागतं. मंदीत हे वारंवार घडतं, म्हणून सरकारी मूल्य आधीच काढून ठेवा.

तिसरा आकडा थांबण्याचा. 80 लाखांचं घर सहा महिने रिकामं राहिलं, तर साडेसहा टक्के व्याज धरून 2 लाख 60 हजार गेले. मेंटेनन्स आणि मिळकतकर वेगळाच. दीड-दोन लाखांसाठी सहा महिने अडून राहणं परवडतं का, हे कागदावर मांडून बघा आणि त्यावरून मनातली शेवटची किंमत ठरवा. ती घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या, बाहेर कुणालाही नको.

मागणीची किंमत या शेवटच्या किमतीपेक्षा चार-पाच टक्के वर ठेवा. 'बघू कोणी देतं का' म्हणून वीस टक्के वर ठेवलेलं घर पहिल्या महिन्यात कुणी बघायला येत नाही. पुढं दर महिन्याला किंमत उतरवली की घेणारा समजतो, काहीतरी गडबड आहे.

३. दुरुस्ती : ओल सगळ्यात आधी

नवं मॉड्युलर किचन बसवू नका. त्याचा खर्च किमतीत वसूल होत नाही आणि घेणाऱ्याला ते आपल्या पसंतीचं करायचं असतं. पैसा घालायचा तो ओलीवर.

बेडरूमची भिंत बाथरूमला लागून असेल आणि तिचे पोपडे निघत असतील, तर नुसती पुट्टी भरून रंग देऊ नका. पहिल्या पावसात ती पुन्हा फुगेल. बाथरूमची जाळी कापडानं घट्ट बंद करा, फरशीवर इंचभर पाणी साठवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी आपली भिंत आणि खालच्या मजल्यावरचं छत पाहा. खालच्यांना आधी सांगून ठेवा. पाणी उतरलं असेल तर फरशीचे सांधे खरवडून ग्राउट भरावं लागेल, जाळीभोवतीचं प्लास्टर करावं लागेल, फार झालं तर फरशी काढून वॉटरप्रूफिंग. भिंत तशीच राहिली तर दोष भिंतीतल्या पाइपात किंवा बाहेरच्या बाजूला आहे. कारण सापडून काम झाल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या आणि मगच रंग लावा. मिस्त्रीचं बिल फाइलमध्ये ठेवा.

गळती गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून असेल तर ते काम सोसायटीचं. कमिटीला लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या. अर्ज आणि ठरलेली तारीख दाखवता आली तरी घेणारा निश्चिंत होतो.

मग किरकोळ कामं: ठिबकणारे नळ, अडकणारे कडी-कोयंडे, फ्लशची टाकी, बंद पडलेली बटणं, फुटलेली काच, सिंकखालची कुजकी फळी. सगळीकडे एकच फिका रंग द्या. गडद जांभळी भिंत तुम्हाला आवडत असेल, पण तिनं खोली लहान वाटते.

४. आवरा

माळा, बाल्कनी आणि पलंगाखालचे खण रिकामे करा. रद्दी, जुन्या गाद्यांचे ढीग, बंद पडलेला टीव्ही, कुणी न वापरलेली सायकल, सगळं काढा. हॉलमध्ये सोफा आणि टीपॉय एवढंच ठेवा. ओटा मोकळा करा, जाळीला चिकटलेलं तेल सोड्यानं धुवा. पडदे धुऊन खिडक्या आतबाहेरून पुसा. जुन्या घरात उजेड वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. जिन्यात ठेवलेलं तुमचं चप्पलांचं कपाटही आत घ्या. घर तिथूनच दिसायला लागतं.

घर रिकामं असेल तर वीज आणि पाणी चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदा खिडक्या उघडा. कोंदट वास सगळ्यात आधी नाकाला लागतो.

५. फोटो आणि जाहिरात

फोटो सकाळी, सगळ्या खिडक्या उघडून, मोबाइल आडवा धरून, खोलीच्या कोपऱ्यातून काढा. हॉल, किचन, दोन्ही बेडरूम, बाथरूम, बाल्कनीतून दिसणारा देखावा, पार्किंग आणि इमारतीचा दर्शनी भाग, एवढे पुरेत. नकाशाचा फोटो जरूर टाका.

मजकुरात 'प्रशस्त', 'आलिशान' हे शब्द सगळेच लिहितात. त्याऐवजी घेणारा फोनवर जे विचारणार आहे ते लिहा. उदाहरणार्थ:

'कर्वेनगर, टू बीएचके, कार्पेट 640 चौरस फूट. चारपैकी दुसरा मजला, लिफ्ट आहे. एक झाकलेलं पार्किंग. महापालिकेचं पाणी सकाळी दोन तास, टाकी दिवसभर पुरते. मेंटेनन्स महिना 2,800 रुपये. भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट तयार. कर्ज नाही. किंमत 80 लाख.'

एवढं वाचून जो फोन करतो, तो खरा घेणारा असतो. मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, हाउसिंग यांसारख्या पोर्टलवर टाका, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा, आणि शेजारपाजारी, नातेवाइकांत, ऑफिसात तोंडी सांगा. शेजारच्या इमारतीत भाड्यानं राहणारं कुटुंब हे फार चांगलं गिऱ्हाईक. त्याला शाळा, भाजीवाला, पाणी सगळं ठाऊक असतं.

वेळही बघा. पितृपक्षात अनेक जण बोलणी पुढं ढकलतात, तर दसरा, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेला टोकन द्यायला आवडतं. तेव्हा मुहूर्ताआधी महिनाभर घर दाखवायला सज्ज हवं.

६. एजंट

महारेरा नोंदणी असलेला आणि तुमच्याच भागात काम करणारा एजंट घ्या. दलाली किती, ती कधी द्यायची आणि तो दोन्ही बाजूंकडून घेणार का, हे सुरुवातीला लेखी ठरवा. चार एजंटांनी चार किमती सांगितल्या तर घराची पत जाते; सगळ्यांना एकच आकडा द्या.

७. घर दाखवताना

शनिवार-रविवार सकाळ उत्तम. दिवे, पंखे लावा, टीव्ही बंद ठेवा. घरातला एकच माणूस बोलेल असं ठरवा. पाहुण्यांना नळ सोडून बघू द्या, खिडकी उघडू द्या. उणीव विचारली तर सरळ सांगा: 'इथं ओल होती, मे महिन्यात काम केलं, हे बिल.'

बिल्डरच्या स्कीमशी तुलना होणारच. तेव्हा हा हिशोब हातात ठेवा. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर सर्वसाधारणपणे 5 टक्के जीएसटी लागतो, 80 लाखांवर 4 लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या रीसेल फ्लॅटवर जीएसटी नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के. खरेदी फक्त महिलेच्या नावावर झाली तर 1 टक्का सवलत, म्हणजे 80 लाखांवर 80 हजार वाचतात. नोंदणी शुल्क 30 हजारांच्या वर जात नाही.

८. बोलणी

पहिल्या कमी आकड्यावर रागावू नका. किमतीबरोबर तीन गोष्टी विचारा: कर्ज मंजूर आहे का, आधी स्वतःचं घर विकायचं आहे का, ताबा कधी हवा. कर्ज मंजूर असलेला, दोन लाख कमी देणारा माणूस हा जास्त कबूल करून सहा महिने लटकवणाऱ्यापेक्षा चांगला. किंमत उतरवायची नसेल तर पंखे, गिझर, कपाटं सोडून द्या, किंवा सोसायटीचं हस्तांतर शुल्क तुम्ही भरा. महापालिका क्षेत्रात हा प्रीमियम 25 हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि 'ऐच्छिक देणगी'ची सक्तीही करता येत नाही.

९. टोकनपासून खरेदीखतापर्यंत

सगळे पैसे बँकेतून घ्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर तेवढाच दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला होतो. टोकनच्या पावतीवर एकूण किंमत, मुदत आणि सौदा मोडल्यास पैशांचं काय, हे लिहा. मग साठेखत, बँकेचं कर्ज आणि शेवटी खरेदीखत. पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणारा 1 टक्का टीडीएस कापून भरतो; त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. विकणारा अनिवासी असेल तर कपात बरीच जास्त होते, म्हणून कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी आधीच अर्ज करा.

१०. कर

घर 24 महिन्यांहून जास्त काळ तुमचं असेल तर दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के कर. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून 20 टक्क्यांचा पर्यायही आहे. दोन्ही मांडून कमी असेल तो भरा. एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, तर नफ्यातल्या गुंतवलेल्या रकमेवर सूट मिळते. सहा महिन्यांच्या आत ठरावीक रोख्यांत 50 लाखांपर्यंत गुंतवूनही कर वाचतो. टोकन घेण्याआधी सीएला भेटा. नंतर भेटून तारखा बदलता येत नाहीत.

एक कळकळीची विनंती. ओल, थकबाकी, भावाबहिणींतला वाद, पाण्याची टंचाई, यातलं काहीही लपवून घर विकू नका. समोरचं कुटुंब आयुष्याची पुंजी आणि वीस वर्षांचं कर्ज तुमच्या शब्दावर लावत असतं. सगळं सांगून, सगळं दाखवून, वाजवी किमतीला दिलेलं घर मंदीतही विकलं जातं.