हाक ‘दादा’ची, मन दुसरीकडे

प्रश्न : मी २९ वर्षांचा. सहा वर्षांपूर्वी घरच्यांनी बाहेर काढलं, तेव्हा पुण्यातल्या एका मित्राने आसरा दिला. ते आज ४७ वर्षांचे आहेत. आम्ही चौघे एकत्र राहतो, गणपतीही बसवतो. सगळे त्यांना ‘दादा’ म्हणतात. वर्षभरापासून आमच्या दोघांत काहीतरी वेगळं आहे, पण बोलायचं दोघंही टाळतो. हे चुकीचं आहे का?

उत्तर : नाही. आणि ६ सप्टेंबर २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हाही नाही. मला अठरा वर्षांच्या अंतरापेक्षा भाड्याची काळजी वाटते. उद्या तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तर राहाल कुठे? कदाचित तेही याच भीतीने गप्प असतील, की हा उपकारापोटी ‘हो’ म्हणेल. (घाई करणाऱ्यापेक्षा असा गप्प माणूस मला बरा वाटतो.) आधी भाड्यातला आपला वाटा उचला, अडीअडचणीला दुसरं एखादं घर बघून ठेवा, मग विषय काढा. ‘दादा’ऐवजी नावाने हाक मारून पाहा. जीभ अडखळेल, अडखळू द्या. उरलेल्या दोघांना मात्र बाहेरून कळू देऊ नका. त्यांचंही ते घर आहे.

समलिंगी लग्नाला कायद्याची मान्यता नाही, हे ऑक्टोबर २०२३च्या निकालाने स्पष्ट झालं. पण पुढेमागे सोबत राहायचं ठरलं, तर बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं. मृत्युपत्रही करता येतं. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही.